खोक्यातला उकडलेला बटाटा

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांत कित्येक लुथरन चर्चच्या तळघरांत पोळ्या लाटायला सुरुवात होते. पोळ्याच म्हणायच्या. कापड ताणून बसवलेला गोल मोठा पाट, त्यावर खाचांचं लाटणं, शेजारी विजेवर तापलेला सव्वा फुटाचा सपाट तवा आणि हातात लाकडाची लांब, चपटी पट्टी. लाटी इतकी पातळ लाटायची की खालच्या कापडावरची रेघ दिसावी. मग ती पट्टी पोळीखाली मधोमध सरकवायची, पोळी तिच्यावर अलगद उचलून घ्यायची आणि तव्यावर उलगडत न्यायची. तपकिरी ठिपके उठले की उलटायची. भाजून झाली की टॉवेलात झाकायची, म्हणजे मऊ राहते. खाताना लोणी लावायचं, वर साखर भुरभुरायची आणि सुरळी करायची. तूपसाखरेच्या पोळीवर वाढलेल्या कुणालाही ही सुरळी परकी वाटणार नाही.

या पोळीचं नाव लेफ्सा, आणि ती बटाट्याची असते. मूळ नॉर्वेची. तिथे अठराव्या शतकात बटाटा रुजवण्यात खेड्यापाड्यांतल्या पाद्र्यांचा मोठा वाटा होता. ते लोकांना बटाटा लावायला सांगत, त्यामुळे त्यांना ‘बटाटा-पाद्री’ असंच नाव पडलं. पुढे शंभरेक वर्षांत आठ लाखांहून जास्त नॉर्वेजियन उत्तर अमेरिकेत गेले आणि पाट-लाटणंही सोबत घेऊन गेले. आज त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या घरात दरवर्षी एक जुना वाद रंगतो. लेफ्साचं पीठ खऱ्या बटाट्याचं करायचं, की खोक्यातल्या? खोक्यातला म्हणजे इन्स्टंट मॅश्ड पोटॅटो, उकडून, कुस्करून, वाळवून ठेवलेल्या बटाट्याचे पांढरट पापुद्रे. कॉर्नफ्लेक्ससारखे, म्हणून त्यांनाही फ्लेक्सच म्हणतात.

खोक्याची बाजू घेणारे आळशी असतात, असा समज आहे. तो चुकीचा आहे. बटाट्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, पण ते नेमकं किती हे जातीवर, शेतावर आणि साठवणीवर ठरतं. एका खेपेचा बटाटा कोरडा, पिठूळ निघतो, तर पुढच्या खेपेचा पाणचट. पाणचट बटाट्याचं पीठ सैल होतं, ते आवरायला मैदा जास्त घालावा लागतो, आणि मैदा वाढला की लेफ्सा चिवट होते. फ्लेक्समध्ये पाणी जेमतेम सहा-सात टक्के. किती पाणी घालायचं ते करणाऱ्याच्या हातात राहतं, त्यामुळे पीठ दर वेळी सारखंच मळलं जातं. बटाटा नाही म्हणून चालवून घेतलेली वस्तू, एवढंच या फ्लेक्सकडे पाहिलं तर हाती बेताचं मॅश लागतं. शिजलेल्या बटाट्याचं कोरडं पीठ म्हणून पाहिलं, तर स्वयंपाकघरात एक नवा जिन्नस येतो.

हा जिन्नस काय आहे ते दोन वाट्यांत कळतं. एका वाटीत चमचाभर कॉर्नफ्लोअर घ्यायचं, दुसरीत दोन चमचे फ्लेक्स. दोन्हींत नळाचं थंड पाणी ओतायचं. कॉर्नफ्लोअर पाण्यात नुसतं फिरतं आणि थोड्या वेळात तळाशी बसतं. फ्लेक्स मात्र पाणी लागताच फुगतात, एकमेकांना धरतात, आणि अर्ध्या मिनिटात वाटीत लगदा तयार असतो. कॉर्नफ्लोअरमधला स्टार्च कच्चा आहे. तो फुगायला साठ-सत्तर अंशांच्या पुढची उष्णता हवी. फ्लेक्समधला स्टार्च कारखान्यातच शिजलेला आहे, त्याला आता फक्त पाणी पाहिजे. मराठी घराला ही युक्ती नवी नाही. पोहे म्हणजे तरी काय? भात भिजवून, भाजून, चपटा करून ठेवलेला, पाणी लागताच मऊ होणारा. पातळ पोहे आणि बटाट्याचे फ्लेक्स शेजारी शेजारी ठेवले तर ते एकाच घराण्यातले दिसतात.

पण बटाटा तांदळापेक्षा नाजूक. उकडलेला बटाटा मिक्सरमध्ये फिरवायचा नाही, हे बटाटेवडे करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. कुणी नकळत फिरवलाच, तर भांड्यातून खळ निघते, चमच्यामागे तार धरणारी, टाळूला चिकटणारी. बटाट्यातला स्टार्च इवल्या इवल्या पेशींमध्ये बंद असतो. हाताने हलकं कुस्करलं तर पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, पण फुटत नाहीत. मिक्सरचं पातं त्या फोडतं, आतला स्टार्च बाहेर येतो आणि सगळ्याची खळ होते. वाळवलेल्या बटाट्याचे सुरुवातीचे बहुतेक प्रयोग इथेच फसत होते.

तोडगा निघाला १९५०च्या दशकात, फिलाडेल्फियाजवळ अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत. बटाट्याचे काप एकदम उकळत्या पाण्यात न टाकता आधी सत्तर अंशांच्या आसपासच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायचे, मग थंड पाण्यात तेवढाच वेळ गार करायचे, आणि मगच वाफेवर पुरते शिजवायचे. पहिल्या पाण्यात स्टार्च पेशीच्या आतच फुगतो. गार होताना तो घट्ट बसतो आणि पुन्हा सहजासहजी विरघळत नाही. त्यानंतर शिजवलं, कुस्करलं, तरी सहसा खळ होत नाही. या पद्धतीला त्या गावावरून ‘फिलाडेल्फिया कुक’ असं नाव पडलं. नंतरची पायरी यंत्राची. शिजलेला बटाटा पुरणयंत्रासारख्या चाळणीतून दाबून काढतात आणि वाफेने आतून तापवलेल्या, फिरत्या मोठ्या पिंपावर त्याचा पातळ थर देतात. पिंपाचा फेरा पुरा व्हायच्या आत थर वाळतो, पातं तो कागदासारखा खरवडून काढतं, आणि त्याचे तुकडे झाले की फ्लेक्स तयार. एक किलो फ्लेक्सला साधारण पाच-सहा किलो बटाटा जातो.

या कथेत एक सुंदर वळण आहे. कारखान्यासाठी शोधलेली ही दोनदा शिजवायची पद्धत नंतर ताज्या बटाट्याकडे परत आली. अमेरिकी खाद्यलेखक जेफ्री स्टाइनगार्टन यांनी उत्तम मॅश्ड पोटॅटोचा शोध घेताना हीच रीत घरच्या पातेल्यासाठी सांगितली. ब्रिटिश शेफ हेस्टन ब्लूमेंथाल यांच्या मॅशमध्येही बटाटा आधी सत्तर अंशांवर, मग गार, मग उकळत्या पाण्यात असाच जातो. स्वस्त खोक्यासाठी केलेलं संशोधन महागड्या ताटात पोचलं. खोक्याला नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

बटाटा वाळवून ठेवायची गरज अर्थात या प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीची. बटाटा जिथला, त्या अँडीज पर्वतातच ती सुरू झाली. टिटिकाका सरोवराच्या भोवती, समुद्रसपाटीपासून तीन हजार आठशे मीटरवर, जून-जुलैच्या रात्री हाडं गोठवतात आणि दुपारचं ऊन चरचरतं. तिथले शेतकरी बटाटे रात्री उघड्यावर पसरतात, ते गोठतात. दिवसा सुटले की अनवाणी पायांनी तुडवून त्यांतलं पाणी काढतात आणि पुन्हा पसरतात. असं काही दिवस केलं की खड्यासारखा कडक, हलका ‘चुन्यो’ तयार होतो. तो वर्षानुवर्षं टिकतो, आणि इंका राजवटीच्या कोठारांत त्याचे साठे असत. पेरूमध्ये दुसरी एक वस्तू मिळते, ‘पापा सेका’. तीत बटाटा आधी उकडून, सोलून, बारीक तुकडे करून उन्हात वाळवतात. खोक्यातल्या फ्लेक्सची खरी पणजी ही. हे तुकडे कोरडे भाजून, भिजवून, मांस आणि मिरचीसोबत तासन्‌तास शिजवले की ‘कारापुल्क्रा’ नावाचा दाट रस्सा होतो.

महाराष्ट्रातल्या गच्च्यांवरही हेच घडत आलं आहे. हिवाळ्याचा बटाटा बाजारात उतरला आणि ऊन कडक झालं की वाळवणं सुरू होतात. बटाट्याच्या चकत्या रात्रभर तुरटीच्या पाण्यात ठेवायच्या, सकाळी उकळत्या पाण्यात अर्धवट शिजवायच्या आणि धुतलेल्या सुती धोतरावर एकेक सुटी पसरायची. किसाचंही तसंच. पोरांना राखणीला बसवायचं, संध्याकाळी सगळं गोळा करून डब्यात भरायचं. उपासाच्या दिवशी तळायला हा डबा निघतो. खुद्द ‘बटाटा’ हा मराठी शब्द पोर्तुगीजांच्या गलबतांतून आला. हिंदीत आलू, मराठीत आणि कोकणीत बटाटा, हा फरक त्या गलबतांच्या वाटेचा. त्याच्याही मागे गेलं तर कॅरिबियन बेटांवरच्या लोकांनी रताळ्याला दिलेलं ते नाव आहे. उपासाला रताळं आणि बटाटा एकाच ताटात वाढले जातात, तेव्हा नावाचे मूळ मालक आणि नवे मालक शेजारी बसलेले असतात.

वाळवलेल्या बटाट्याला बाजारात आणलं ते मात्र युद्धाने. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला बटाटा हवा होता आणि जहाजांत जागा नव्हती. पाणी काढून टाकलं तर वजन पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतं. आयडाहोच्या जे. आर. सिम्प्लॉट यांनी वाळवलेले बटाटे आणि कांदे अमेरिकी सैन्याला पुरवून मोठा उद्योग उभा केला. ब्रिटनमध्ये ‘पॉम’ नावाची बटाटा-पावडर घरोघर पोचली. युद्ध संपल्यावर १९४९ मध्ये म्युनिकच्या फानी कंपनीने बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्यांचं तयार पीठ विकायला काढलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ओटावात, कॅनडाच्या कृषी खात्यात काम करणाऱ्या एडवर्ड अ‍ॅसेलबर्ग्स यांनी फ्लेक्स करायची आपली पद्धत सिद्ध केली. कॅनडात या शोधाचं श्रेय त्यांनाच देतात.

ब्रिटनमध्ये कॅडबरीच्या ‘स्मॅश’ या इन्स्टंट मॅशची १९७०च्या दशकातली जाहिरात तर एका पिढीच्या तोंडी बसली. मंगळावरचे पत्र्याचे यंत्रमानव टेबलाभोवती बसून पृथ्वीवरच्या माणसांना हसतात, ही माणसं बटाटे सुरीने सोलतात, वीस मिनिटं उकळतात आणि मग ठेचून त्यांचा चुरा करतात म्हणून. जाहिरात फार गाजली. पण तिने फ्लेक्सचं एक नुकसानही केलं. हे फक्त मॅश करायचं सामान आहे आणि त्याचा एकच गुण म्हणजे वेळ वाचणं, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. खरं तर ताज्या बटाट्याशी समोरासमोर झुंज लावायची, तर मॅश हीच फ्लेक्सची सगळ्यात अवघड परीक्षा आहे.

तरी तीही नीट दिली तर पास होता येतं. पाणी, मीठ आणि लोणी उकळायचं. भांडं आचेवरून उतरवायचं. मग थंड दूध घालायचं, म्हणजे उकळी मोडते. वर फ्लेक्स भुरभुरायचे, साधारण द्रव असेल तेवढेच मापाने. काट्याने एकदा हलवून हात बाजूला घ्यायचा. मिनिटभर तसंच राहू द्यायचं आणि मग काट्यानेच हलकं मोकळं करायचं. घोटायचं नाही, फेटायचं तर अजिबात नाही. पेशी कितीही जपल्या असल्या तरी वाळवताना आणि तुकडे करताना काही फुटलेल्या असतातच, आणि घोटलं की त्या खळ सोडतात. दुधात आधी लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून उकळून ते गार केलं, किंवा शेवटी चमचाभर आंबट दही घातलं, की वाळवताना गेलेली चव बरीचशी भरून निघते. खिम्यावर या मॅशचा जाड थर देऊन, काट्याने रेघा ओढून भट्टीत लालसर केला की इंग्रजांची शेफर्ड्स पाय होते. तिथे खाली रसदार खिमा असल्याने फरक ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही.

जिथे फ्लेक्स नकोत, ती जागाही सांगायला हवी. बटाटेवड्याचं सारण. वड्यात जीभ शोधत असते ती अर्धवट कुस्करलेली फोड, हळद-मिरचीच्या फोडणीत न्हालेली. फ्लेक्सचा लगदा एकसारखा होतो, त्यात फोड नसते. परदेशी घरात नाइलाजच असेल तर निदान एक ताजा बटाटा उकडून, हाताने मोडून त्यात घालावा. हेच पुरीबरोबरच्या भाजीतल्या बटाट्याचं. जिथे बटाट्याला तुकडा म्हणून मान आहे तिथे खोकं उघडू नये.

पण साबुदाणावड्याशी फ्लेक्सची दोस्ती चांगली जमते. साबुदाणा जरा जास्त भिजला, बटाटा पाणचट निघाला, की मिश्रण हाताला चिकटतं, वडा थापता येत नाही आणि तेलात गेला की सुटतो. अशा वेळी दाण्याचं कूट वाढवत नेलं तर वडा जड होतो. त्याऐवजी दोन-तीन चमचे फ्लेक्स मिसळून मिश्रण पाच मिनिटं झाकून ठेवलं की जादाचं पाणी ते पिऊन टाकतात, आणि चवीत बटाटाच वाढतो, दुसरं काही नाही. कटलेट, टिक्की, आलू पराठ्याचं सारण, माशाचे कबाब, सगळीकडे हाच उपाय. अमेरिकेतल्या अनेक भारतीय घरांत हे खोकं मॅशसाठी येतच नाही, ते अशा दुरुस्तीसाठी फळीवर असतं.

इटलीतली न्योकी याच गुणामुळे सोपी होते. न्योकी म्हणजे बटाट्याच्या पिठाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, उकळत्या पाण्यात शिजवलेले. चकोल्या किंवा वरणफळं करणाऱ्या हाताला ते लगेच जमतील. न्योकीचं सगळं यश बटाटा कोरडा असण्यात आहे. इटालियन आज्या म्हणूनच जुना, पिठूळ बटाटा निवडतात, आणि काही जणी तो उकडण्याऐवजी भाजतात. फ्लेक्स मुळातच कोरडे. कपभर फ्लेक्स, कपभर उकळतं पाणी, गार झाल्यावर एक अंडं, मीठ आणि दीड कप मैदा, एवढ्यात पीठ तयार. वळकट्या करायच्या, कापायच्या, पाण्यात सोडायच्या, तरंगून वर आल्या की झाऱ्याने काढायच्या. पीठ गार झाल्यावरच मैदा घालायचा, हे मात्र विसरायचं नाही. गरम बटाटा चिकट असतो आणि मैदा खात सुटतो. लेफ्सा करणाऱ्या बायका फ्लेक्सचा गोळा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात, तो याच कारणाने.

दाटपणा आणायलाही फ्लेक्ससारखं सोयीचं काही नाही. सूप पातळ झालं, रस्सा पाण्यासारखा राहिला, तर मैद्याची किंवा कॉर्नफ्लोअरची पेस्ट लावून पुन्हा उकळावं लागतं, नाहीतर कच्ची चव राहते. फ्लेक्स शिजलेलेच असल्याने पानं वाढताना चमचाभर घातले तरी चालतात. शेवटी तळणाचं. अमेरिकेत मासा आणि कोंबडी फ्लेक्समध्ये घोळवून तळतात, जशी कोकणात सुरमई रव्यात घोळवतात. कवच रव्यापेक्षा हलकं आणि खुसखुशीत होतं, पण ते लवकर करपतं, म्हणून आच मध्यम ठेवावी.

अमेरिकेत जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणारी अ‍ॅपलाशियन ट्रेल ही साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. ती पुरी चालायला पाच-सहा महिने लागतात आणि सगळं पाठीवर असतं. चालणाऱ्यांत एक पदार्थ फार प्रसिद्ध आहे, ‘रामेन बॉम्ब’. इन्स्टंट नूडल्स पाण्यात शिजवायच्या आणि उरलेल्या पाण्यातच फ्लेक्स ओतायचे. ताटात घ्यायला शोभेचा नाही, पण दिवसभर पंचवीस-तीस किलोमीटर तुडवलेल्या माणसाला हवी ती ऊब, मीठ आणि पोटभर पिष्टमय अन्न एकाच भांड्यात मिळतं. इंधन एका उकळीचं, भांडं एक आणि वजन मूठभर.

आणि गोडाचं? मराठी वाचकाला त्यात नवल वाटू नये, कारण उपासाला बटाट्याचा शिरा इथे होतोच. पेनसिल्व्हेनिया आणि अ‍ॅपलाशियाच्या डोंगराळ भागात ‘पोटॅटो कँडी’ करतात. थोड्याशा घट्ट मॅशमध्ये पिठीसाखर मिसळायची. सुरुवातीला ते एकदम पातळ होतं आणि करणारा घाबरतो, पण साखर घालत राहिलं की पोळीसारखं लाटता येण्याइतकं घट्ट होतं. त्यावर शेंगदाण्याचं लोणी पसरायचं, घट्ट गुंडाळी करायची, गार करायची आणि आळूवडीसारख्या चकत्या कापायच्या. १९३०च्या मंदीच्या काळाशी या मिठाईचं नाव जोडलेलं आहे. हाताशी काही नसताना पोरांना गोड द्यायचं, तर बटाटा होता. मेन राज्यात ‘नीडहॅम’ मिळतात. त्यांत बटाटा, साखर आणि खोबऱ्याची वडी असते, वरून चॉकलेट. नारळाच्या वडीला बटाट्याने मऊपणा येतो, आणि बटाट्याची चव शोधूनही सापडत नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तर फ्लेक्स जिवंत ठेवतात. काचेच्या बरणीत पाव फुगवणारं आंबवण असतं, फ्रिजमध्ये. दर आठवड्याला त्याला तीन चमचे फ्लेक्स, साखर आणि कपभर कोमट पाणी असं जेवण घालायचं, दिवसभर बाहेर ठेवायचं, कपभर काढून पाव करायचा आणि उरलेलं परत फ्रिजमध्ये. जास्त झालं तर शेजारणीला द्यायचं. आपल्याकडे विरजण असंच एका घरातून दुसऱ्या घरात जातं.

खोकं विकत घेताना मागची बाजू वाचावी. साध्या फ्लेक्समध्ये बटाट्याखेरीज थोडं इमल्सिफायर आणि रंग टिकवणारं संरक्षक द्रव्य असतं. चवीच्या पाकिटांत मात्र दूध-पावडर, चीज, कांदा-लसणाची पूड आणि भरपूर मीठ येतं. उपासाला वापरायचं असेल किंवा रक्तदाबाची काळजी असेल तर साधंच घ्यावं. वाळवताना बटाट्यातलं क जीवनसत्त्व बरंच जातं. आणि मधुमेह असणाऱ्यांसाठी एक आकडा महत्त्वाचा आहे. ग्लायसेमिक इंडेक्सच्या २००८च्या आंतरराष्ट्रीय कोष्टकात उकडलेल्या बटाट्याची सरासरी ७८ आहे, तर इन्स्टंट मॅशची ८७. स्टार्च आधीच शिजून सुटा झालेला असल्याने साखर झपाट्याने वाढते. त्यामुळे ताटभर मॅशपेक्षा चमचा-दोन चमचे बांधणीला, हाच वापर त्यांच्यासाठी बरा. भारत बटाट्याच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल जगात दुसरा आहे, गुजरातेत फ्लेक्सचे मोठे कारखाने आहेत, पण त्यांचा माल मुख्यतः चिप्स-भुजियासारख्या पाकीटबंद खाऊच्या उद्योगाकडे आणि परदेशी जातो. शहरांतल्या मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन छोटी पाकिटं मिळतात. घेताना नाव नीट पाहावं. बटाट्याचा स्टार्च ही पांढरीशुभ्र, करकरणारी पूड असते आणि ती कच्ची असते. तिने फ्लेक्सचं काम होणार नाही. पाकीट फोडलं की हवाबंद डब्यात भरावं. फ्लेक्स हवेतला दमटपणा ओढून घेतात, आणि वाळलेल्या गवतासारखा वास यायला लागला की ते खवट झाले असं समजावं.

फ्लेक्सचा सगळ्यात देखणा उपयोग मात्र पावात आहे. पेनसिल्व्हेनियात जर्मन वंशाच्या लोकांचे बटाट्याचे पाव पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत, आणि अमेरिकेत हॅम्बर्गरसाठी पिवळसर, लुसलुशीत ‘पोटॅटो रोल’च हवा म्हणणारे पुष्कळ आहेत. शिजलेला स्टार्च आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतो. मैद्याला तेवढं जमत नाही. म्हणून पिठात जादा पाणी मावतं आणि तरीही ते हाताला फार चिकटत नाही. घरी लादीपाव करणाऱ्याने तीन कप मैद्याला अर्धा कप फ्लेक्स घालून पाहावेत. ते कोरडेच मैद्यात मिसळायचे आणि पाणी नेहमीपेक्षा तीन-चार चमचे वाढवायचं. मळताना पहिली पाच मिनिटं पीठ ओलं वाटतं, तेव्हा मैदा घालायचा मोह आवरायचा. फ्लेक्स पाणी पीत असतात. दहाव्या मिनिटाला गोळा तुकतुकीत होतो, बोटाने दाबला की हळू वर येतो. दोनदा फुगवून, गोळे एकमेकांना चिकटवून, वरून दूध लावून भट्टीत गेली की लादी सोनेरी होते. भट्टीतून काढल्यावर लोणी फिरवायचं आणि कापडाखाली झाकायची.

घरचा पाव दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो, ही नेहमीची तक्रार. या लादीतला पाव दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मधोमध उघडला, तर आत अजून ओलसर, दोऱ्यासारख्या उभ्या रेषांनी सुटणारा असतो. तव्यावर अमूल लोण्यात भाजला, मिसळीच्या तर्रीत बुडवला, तरी त्याचा लगदा होत नाही.